पंडिता रमाबाई : मुलांवर विश्वास ठेवणारी आई आणि शिक्षिका



दिवाळी झाली की आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड, पैठणच्या वाड्या-तांड्यांवरून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. वर्गातले बाक रिकामे होतात. उन्हाळ्याच्या तोंडाला ती मुलं परत येतात, तेव्हा आपल्यातलेच काही जण सहज बोलून जातात, "आता हा काय शिकणार?" हे वाक्य तोंडावर येईल तेव्हा पंडिता रमाबाई आठवाव्यात, म्हणून आजचा हा लेख.

बालपण आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातल्या गंगामूळ इथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकांनी संस्कृत शिकणं पाप समजलं जात होतं, तेव्हा या माणसाने विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं. पुढे आई लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. घर नव्हतं, शाळा नव्हती. यात्रेच्या वाटेवर, देवळांच्या ओवऱ्यांत बसून या पोरीने हजारो श्लोक पाठ केले. आईबापांनी मुलीवर विश्वास टाकला की काय होतं, याचं हे पहिलं उदाहरण.

मग दुष्काळ आला. होतं-नव्हतं ते विकून झालं, रानातला पाला खाण्याची वेळ आली. 1874 मध्ये आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. शास्त्र येत होतं, पण पोट भरेल असं हातातलं काम कुणालाच येत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश फिरले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचं लग्न झालं. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 मध्ये पतीही पटकीने गेले. मनोरमा तेव्हा एक वर्षाचीही नव्हती.

श्रद्धा कुठून आली?

रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असं सांगितलं. 1883 मध्ये लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथे ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळलं जात होतं आणि त्या सावरत होत्या. पडलेल्या माणसाला पुन्हा उभं राहता येतं, ही आशा रमाबाईंच्या मनात घर करून बसली. येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना तिथेच उमगली. त्याच वर्षी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

पण श्रद्धा स्वीकारली म्हणून त्यांनी आपली बुद्धी कुणाच्या हवाली केली नाही. मनोरमेला कसं वाढवायचं यावरून मिशनच्या भगिनींशी त्यांचे खटके उडाले. मुलगी आपल्या देशातल्या माणसांपासून तुटू नये, हा रमाबाईंचा हट्ट होता. पालकांनी इथे थोडं थांबून विचार करावा. चांगल्या शाळेत घातलेलं आपलं मूल आजी-आजोबांच्या बोलीला लाजायला लागलं, तर काय कमावलं?

शारदा सदन ते मुक्ती

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. सुरुवातीच्या दोनच विद्यार्थिनी. त्यातली एक बालविधवा गोदूबाई. पुढे त्याच महर्षी कर्व्यांच्या पत्नी, बाया कर्वे झाल्या. पटसंख्या मोजत बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं!

सदन पुण्याला आल्यावर, मुलींना ख्रिस्ती केलं जातंय असा आरोप होऊन 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांची काळजीही समजून घ्यायला हवी. रमाबाईंना पाठिंबा देणारे सुधारकसुद्धा दुरावले. शाळा मात्र बंद पडली नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. आजारी, हाडं वर आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या. लहानपणी आपल्यावर जे गुदरलं तेच त्या मुलींच्या डोळ्यांत त्यांना दिसलं असेल. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता तो मघाचा मुद्दा. मुक्तीत वाचन-लेखनासोबत प्रत्येकीला काम शिकवलं जाई : शेती, विणकाम, दूध-दुभतं, छपाई. जुन्या मुली नव्या मुलींना सांभाळत. अंध मुलींसाठी ब्रेल आलं, ते शिकवण्यात मनोरमाबाई पुढे होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. त्याची छपाई मुक्तीतच, याच मुलींच्या हातांनी झाली. कालपर्यंत ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी ग्रंथ छापला.

मनोरमाबाईंनी पुढे गुलबर्ग्यात शाळा सांभाळली. गुलबर्गा तेव्हा आपल्या मराठवाड्यासारखंच निजामाच्या राज्यात होतं. 1921 मध्ये त्या आईच्या आधी गेल्या. त्यानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. मुक्तीचं काम आजही सुरू आहे.

आपण काय घ्यायचं?

रमाबाईंचा धर्म आपला असो वा नसो, त्यांची आशा उसनी घ्यायला हरकत नाही. ती नुसती गोड बोलण्याची आशा नव्हती. आधी पोटभर जेवण, मग औषध, मग पाटी, मग हाताला काम, असा तिचा क्रम होता.

ऊसतोडीहून परतलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी चाचणी देऊ नका. त्याला एखादं जबाबदारीचं काम द्या, जोडीला एक मित्र द्या आणि तो जिथे थांबला होता तिथून शिकवा. पालकांनीही शेजारच्या मुलाशी तुलना करण्याआधी आपलं लेकरू काल कुठे होतं ते पाहावं.

लेख आवडल्यास आपल्या शाळेतल्या सहकाऱ्यांना जरूर वाचायला द्या.