लुई पाश्चर: उघडलेली वाइन आंबट का होते, हे दाखवणारे शास्त्रज्ञ

दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड हा शब्द तुम्ही रोज बघता. तो लुई पाश्चर यांच्या नावावरून आलाय. पण गंमत म्हणजे ही पद्धत त्यांनी दुधासाठी नाही, वाइनसाठी शोधली होती.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमावायचे. लुई लहानाचे मोठे झाले ते आर्ब्वा गावात, आणि आर्ब्वा म्हणजे द्राक्षमळ्यांचा मुलूख. पुढे ते रसायनशास्त्रज्ञ झाले आणि १८५४ मध्ये लिल शहरात प्राध्यापक म्हणून गेले. तिथे बीटापासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराचा माल नासत होता. पाश्चरनी मायक्रोस्कोप लावला. चांगल्या मालात यीस्टच्या गोल पेशी दिसल्या, नासलेल्या मालात वेगळेच, काडीसारखे जंतू. आंबणं ही नुसती रासायनिक घडामोड आहे, असं त्या काळी बडे रसायनशास्त्रज्ञ मानत होते. पाश्चरनी दाखवलं की ते जिवंत जंतूंचं काम आहे.

१८६३ मध्ये सम्राट तिसरा नेपोलियन याने त्यांच्यावर जबाबदारी टाकली: फ्रान्सची वाइन का बिघडते ते शोधा. पाश्चर आपल्या आर्ब्वात परतले आणि तिथेच छोटी प्रयोगशाळा थाटली. बंद बाटलीतली वाइन थोडा वेळ ५० ते ६० अंशांपर्यंत तापवली की नासवणारे जंतू मरतात, हे त्यांनी सिद्ध केलं. १८६५ मध्ये पेटंट घेतलं, पण पैसा कमावला नाही, पद्धत सगळ्यांना खुली केली. याच काळात, १८६५ आणि १८६६ मध्ये, त्यांच्या दोन मुली आजाराने गेल्या. एक मुलगी आधीच टायफॉइडने गेली होती. तरी १८६६ मध्ये वाइनवरचं त्यांचं पुस्तक बाहेर आलं.

आता तुम्ही म्हणाल, तापवून वाइन टिकते, तर परभणीच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली का बिघडते? कारण पाश्चरचा ताप काही मिनिटांचा होता. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो आणि तसाच दिवसेंदिवस राहतो. अशा उष्णतेत वाइनला शिजल्यासारखी चव येते, आतला द्रव फुगून बूच सरकतं आणि हवा शिरते. त्यामुळे बंद बाटलीसुद्धा थंड, अंधाऱ्या जागी हवी, आणि लाकडी बूच असेल तर आडवी, म्हणजे बूच वाळत नाही.

पाश्चरचा आणखी एक प्रयोग मला जास्त आवडतो. त्यांनी काही काचेच्या नळ्या वाइनने काठोकाठ भरून बंद केल्या, काहींत निम्मी हवा ठेवली. हवा असलेल्या नळ्यांतल्या वाइनचा रंग बदलला, तळाशी गाळ बसला. भरलेल्या नळ्या जवळपास जशाच्या तशा राहिल्या. थोडा ऑक्सिजन वाइनला मुरवतो, जास्त झाला की तिची वाट लावतो. त्यात हवेतले जंतू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. बाटली एकदा उघडली की आधीच्या पाश्चरायझेशनचा उपयोग संपतो, दुधाच्या पिशवीसारखाच.

म्हणून उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बंद करा आणि फ्रिजमध्ये उभी ठेवा. रेड असली तरी फ्रिजमध्येच. साधारण तीन ते पाच दिवस बरी राहते. हवा खेचणारे पंप आणि आर्गॉन वायू सोडणारी महागडी यंत्रंही याच नळ्यांच्या प्रयोगातलं तत्त्व वापरतात. पण छोटी बाटली फुकट आहे!

१८६८ मध्ये पाश्चरना पक्षाघात झाला, शरीराची डावी बाजू अधू झाली. तरी १८७४ मध्ये त्यांनी आर्ब्वाजवळ स्वतःचा द्राक्षमळा घेतला. तिथल्या काही वेलींवर काचघरं उभारून, बाहेरून यीस्ट आलं नाही तर द्राक्षाचा रस आंबतच नाही, हे दाखवलं. १८८५ मध्ये रेबीजची लस आली, १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९३ मध्ये भारतात आले. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी गेले.