वेल्डिंग रॉडवरचा थर आला कुठून? जहाजावरच्या एका इंजिनिअरच्या डोक्यातून

फॅब्रिकेशनच्या दुकानाबाहेर वापरलेल्या वेल्डिंग रॉडचे तुकडे पडलेले तुम्ही पाहिलेच असतील. मधे तार, वर खडूसारखा थर. या थराची गोष्ट स्वीडनमध्ये सुरू होते.

ऑस्कर केलबर्ग, जन्म १८७० चा. गडी वाफेच्या जहाजांवर इंजिनिअर होता. तेव्हा जहाजं आणि बॉयलर रिव्हेट ठोकून जोडायचे आणि ते सांधे गळायचे. वेल्डिंग करावं, तर रॉड म्हणजे नुसती उघडी तार. वितळलेल्या लोखंडात हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन घुसायचा आणि सांधा ठिसूळ व्हायचा.

१९०४ मध्ये केलबर्गने गोथेनबर्गला 'इसाब' कंपनी काढली. काम जहाजं आणि बॉयलर दुरुस्तीचं. मग त्याने तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या घट्ट मिश्रणात बुडवून वाळवली. वेल्डिंग करताना हा थर वितळायचा आणि गरम धातूला हवेपासून झाकायचा. १९०७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पुढे १९२२ मध्ये जर्मनीत फिन्स्टरवाल्डेला कारखानाही उभा राहिला. १९३१ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी तो गेला.

पण हवा अडवणारा हा थर हवेतलं पाणी मात्र पितो. आज घराघरात दिसणारं स्टेनलेस स्टील केलबर्गने अर्ज केला तेव्हा बाजारात नव्हतं. त्याच्या रॉडवरही पुढे असाच थर आला आणि दुखणंही तेच आलं. ओली रॉड वापरली की पाण्याची वाफ होते, वायू धातूत अडकतो आणि सांध्यात बारीक भोकं पडतात. दुधाच्या टाकीत असं एक भोक असलं तरी जंतूंना लपायला जागा मिळते.

म्हणून पाकीट वापरायच्या वेळीच फोडायचं. कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. रॉड दमट झाल्याच, तर ओव्हनमध्ये साधारण २५० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजतात. नेमका आकडा पाकिटावर असतो, तोच धरायचा. नंतर वापरेपर्यंत त्या शंभर अंशांच्या वर गरम ठेवायच्या. पुन्हा पुन्हा भाजलं तर थर कमजोर होतो.

काही जण रॉड जॉबला चिकटवून करंटनेच लाल करतात. हा जुगाड नको. आतली तार आधी तापते आणि थर तडकून गळून पडतो. उरते ती उघडी तार, केलबर्गच्या आधी होती तशी.