मॅक्वीनची हिरवी मोटार

माझे वडील दरबारी गवई. त्यांच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक जुना ओरखडा आहे. जवारी लावायला आलेला कारागीर तो बुजवून नवे पॉलिश करून देतो म्हणाला, तेव्हा मी त्याला थांबवले. विद्यार्थ्यांना याचे नवल वाटले. त्यांना मी स्टीव्ह मॅक्वीन या अमेरिकन नटाची हकिकत सांगितली.

मॅक्वीनचा जन्म १९३० सालचा, इंडियाना राज्यातला. बाप लहानपणीच घर सोडून गेला. पोर मिसुरीत नातलगाच्या शेतावर वाढले, उनाडक्या करून कॅलिफोर्नियातल्या सुधारगृहात पोचले. पुढे त्याने नौसैनिक दलात चाकरी केली आणि न्यूयॉर्कला येऊन अभिनयाचे धडे घेतले. १९६३ च्या ‘द ग्रेट एस्केप’ने त्याला जगभर नाव दिले. मोटारीचे वेड मात्र पडद्यापुरते नव्हते. १९७० साली सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत, मोडलेला पाय प्लास्टरमध्ये असताना, पीटर रेव्हसनच्या जोडीने तो दुसरा आला.

१९६८ चा ‘बुलिट’ हा त्याचा गाजलेला चित्रपट. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर गडद हिरवी फोर्ड मस्टँग सुमारे दहा मिनिटे पाठलाग करते. बरेचसे सारथ्य मॅक्वीनचेच; जिवावरच्या उड्या इतरांच्या. संगीत लालो शिफ्रिनचे. खरा पाठलाग सुरू होताच ते थांबते आणि इंजिनाची गर्जना तेवढी उरते. कुठे थांबावे हे कळणे हीदेखील संगीतातली मोठी विद्या आहे.

त्या साली मस्टँगा तीन लाखांहून अधिक बनल्या. चित्रपटात वापरलेल्या दोहोंपैकी मुख्य गाडी १९७४ साली एका साध्या कुटुंबाने ६,००० डॉलरला घेतली. १९७७ साली खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून ती मागितली. त्याला ती मिळाली नाही. १९८० च्या नोव्हेंबरात, वयाच्या ५० व्या वर्षी, कर्करोगाने त्याचे निधन झाले. गाडीही त्याच सुमारास बंद पडली आणि पुढे कित्येक वर्षे झाकून राहिली. २०१८ साली ती लोकांपुढे आली. २०२० च्या जानेवारीत लिलावात तिला दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलर आले.

ही किंमत लोखंडाची खचितच नव्हे. मालकांनी तिला नवा रंग दिला नव्हता. पोचे तसेच होते, कॅमेरा बांधण्यासाठी खाली जोडलेल्या नळ्याही तशाच होत्या. पडद्यावर पाहिलेली गाडी ती हीच, याची साक्ष त्या खुणांनी दिली. गाडी चकचकीत केली असती तर ती साक्षच पुसली गेली असती. १९७१ च्या ‘ल मां’ चित्रपटातल्या त्याच्या पोर्शलाही २०११ साली पावणेचौदा लाख डॉलर आले, ते याच न्यायाने.

एवढे सांगून झाल्यावर मी स्वतःच अडखळलो. मॅक्वीनचा पाठलाग आजही कोणीही पाहू शकतो. वडिलांच्या दरबारातल्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ज्यांनी ते ऐकले त्यांच्यापैकी आता फारच थोडे उरले आहेत. ते गेल्यावर हा ओरखडा कशाची साक्ष देणार? लिलावात त्याला कोण विचारील?

म्हणून तंबोरा मी खोळीत ठेवत नाही. सकाळच्या शिकवणीला तोच जुळवतो, आणि वडिलांनी शिकवलेल्या चिजा मुले त्याच्याच सुरात म्हणतात.