मणिभाई देसाई व त्यांची वाडी

फळझाड लावणाऱ्या गरीब शेतकऱ्यापुढें एक मोठी अडचण असते. कलम आज लावावें, तर फळ चार-पांच वर्षांनीं हातीं येतें. परंतु चूल रोज पेटवावी लागते. ही अडचण ज्यांनीं नीट ओळखली त्या मणिभाई देसाई ह्यांचें चरित्र आपल्या नांदेड व लातूर भागांतील कोरडवाहू शेतकऱ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

मणिभाईंचा जन्म 27 एप्रिल 1920 रोजीं सुरत जिल्ह्यांतील कोसमाडा गांवीं झाला. पदार्थविज्ञान व गणित हे विषय घेऊन ते पदवीधर झाले. 1942 च्या चळवळींत त्यांनीं तुरुंगवास सोसला, व पुढें ते गांधीजींजवळ सेवाग्रामास गेले. मार्च 1946 मध्यें गांधीजी पुण्याजवळील उरुळी कांचन येथें निसर्गोपचाराच्या कामासाठीं येऊन राहिले. जातांना त्यांनीं तेथील काम मणिभाईंच्या हवालीं केलें. ह्या गांवाची सेवा जन्मभर करावयाची, असा मणिभाईंनीं निश्चय केला व तो अखेरपर्यंत पाळला. तेथें त्यांनीं शाळा काढली, शेती व गोपालन सुधारलें, आणि 1967 सालीं भारतीय अ‍ॅग्रो-इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापिली.

1982 सालीं ह्या संस्थेनें गुजराथेंतील वांसदा तालुक्यांत आदिवासी कुटुंबांमध्यें वाडीचें काम हातीं घेतलें. तेथील जमीन उताराची व हलकी. पावसाळा सरला कीं पुष्कळ घरें मजुरीसाठीं गांव सोडीत. प्रत्येक कुटुंबानें आपल्याच सुमारें एक एकर जमिनींत आंबा व काजूचीं कलमें लावावीं, कडेनें जळणाचीं व चाऱ्याचीं झाडें लावावीं, बांध घालून पाणी जिरवावें, आणि कलमांच्या ओळींमधील जागेंत धान्य, कडधान्य व भाजीपाला पेरावा, अशी ही रीत होती. मधल्या पिकानें घरांत दाणा येई. त्याच पिकाच्या खुरपणी-राखणीनें कलमेंही जगत. म्हणून फळ येईपर्यंत धीर धरणें गरिबासही शक्य झालें.

त्याच 1982 सालीं मणिभाईंस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. 14 नोव्हेंबर 1993 रोजीं ते निवर्तले. त्यांचें काम मात्र थांबलें नाहीं. वाडी महाराष्ट्रांत जव्हारकडे आली, आणि पुढें नाबार्डनें तिच्याच धर्तीवर आदिवासी विकास निधि उभा केला.

वाचकहो, किनवट-माहूरच्या डोंगरउतारावर काय, किंवा औसा-निलंग्याच्या कोरडवाहू रानांत काय, हा धडा उपयोगी आहे. सोयाबीनमध्यें तुरीचे पाटे टाकणें आपणांस नवें नाहीं; त्याच युक्तीस येथें झाडाची जोड मिळते. आंब्याचीं कलमें दहा-दहा मीटरांवर लाविलीं तर एकरांत चाळीस बसतात, व पहिलीं कांहीं वर्षें मधली बहुतेक जमीन मोकळीच राहते. तींत मूग, उडीद किंवा भुईमूग घ्यावा. हीं पिकें जमिनीचा कसही राखतात. कलमाचें आळें मोकळें ठेवावें, आणि ज्वारी-तुरीसारखें उंच पीक त्यास खेटून पेरूं नये. पुढें सावली दाटली व पाण्याची सोय असली, तर अर्धापूरकडील शेतकऱ्यांच्या परिचयाची हळद तेथें घेतां येते.

मणिभाई एका गांवीं सत्तेचाळीस वर्षें टिकून राहिले. झाड लावणाऱ्याच्या अंगीं तोच धीर हवा. परंतु भुकेल्या घरास धीर धरवत नाहीं, म्हणून झाडाबरोबर भाकरीचीही पेरणी करावी, हें त्यांच्या कामापासून शिकावयाचें.