वळवाचा ढग कधी फुटणार, हे कळायला आकाश मोजावं लागतं. भारताला ते मोजमाप चोख करून देणाऱ्या अ‍ॅना मणी

एप्रिल-मे महिन्यात जामखेडला सकाळपासून अंगाची काहिली होत असते. आभाळ कोरं असतं. दुपारनंतर बालाघाटाच्या डोंगरांवर ढग उभे राहू लागतात. मग धुळीचा लोट, गार वारा, कडकडाट आणि टपोऱ्या थेंबांचा वळीव. कधी गाराही. तासाभरात सगळं शांत होतं, पण तोवर काढून ठेवलेला कांदा भिजलेला असतो. कधी झाडाखाली थांबलेल्या माणसावर किंवा जनावरावर वीज पडलेली असते.

ढग दिसल्यावर हाताशी फार वेळ उरत नाही. इशारा आधीच मिळायला हवा असेल, तर डोक्यावरच्या हवेत काय चाललंय ते मोजावं लागतं. आणि मोजणारं उपकरणच चुकीचं असेल तर इशाराही चुकतो. हे उपकरणांचं काम भारतात पक्क्या पायावर उभं करणाऱ्यांमध्ये अ‍ॅना मणी यांचं नाव फार वरचं आहे.

हिऱ्याच्या कुड्या नकोत, ज्ञानकोश हवा

अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. आठ भावंडांत त्या सातव्या. वडील इंजिनिअर होते आणि घरची वेलदोड्याची शेती होती. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. त्यांनी त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागून घेतला.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवी घेऊन त्या बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. तिथे त्यांनी हिरे आणि माणकांवर प्रकाशाचा अभ्यास केला. एकेक छायाचित्र मिळवायला १५ ते २० तास लागत, त्यामुळे अनेक रात्री प्रयोगशाळेतच जात. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले आणि पीएचडीसाठी प्रबंधही दिला. पण एमएस्सी नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठानं पदवी नाकारली. ती त्यांना पुढे कधीच मिळाली नाही.

पुण्यात आल्या, आणि कामाला लागल्या

१९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला गेल्या. शिकायचं होतं भौतिकशास्त्र. पण जागा मिळाली ती हवामानाच्या उपकरणांच्या अभ्यासासाठी. त्यांनी तीच घेतली.

१९४८ मध्ये त्या परतल्या आणि पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणंही ब्रिटनहून यायची. स्वतंत्र देशानं ती स्वतः बनवावीत, हे त्यांचे वरिष्ठ एस. पी. वेंकिटेश्वरन यांचं स्वप्न होतं. मणी यांनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, म्हणजे एकच उपकरण कुठेही बनवलं तरी ते तंतोतंत तसंच बनावं. १९५३ पर्यंत त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. चुकीचं मोजमाप असण्यापेक्षा मोजमाप नसलेलं बरं, अशी त्यांची ठाम भूमिका होती.

एका अंशाचं एवढं काय?

वादळी ढग कसा बनतो ते पाहिलं की ही भूमिका समजते.

तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. पण हवेत समुद्रावरून आलेली वाफ असेल, तर एका उंचीवर तिचं पाणी होतं आणि वाफेत दडलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेमुळे ती हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहते आणि आणखी वर झेपावते. ढग १२-१५ किलोमीटरपर्यंत चढू शकतो.

वरच्या थंडीत बर्फाचे स्फटिक आणि गारांचे मऊ दाणे एकमेकांवर आपटतात. साधारणपणे ढगाच्या वरच्या भागात धन आणि खाली ऋण विद्युतभार साठतो. तो सुटतो तेव्हा वीज चमकते, हवा क्षणात सुमारे ३०,००० अंशांपर्यंत तापते, झटक्यात फुगते आणि गडगडाट होतो. पाऊस येण्याआधीचा गार वारा म्हणजे पाऊस आणि गारांसोबत खाली कोसळलेली थंड हवा.

वर गरम, कोरड्या हवेचं झाकण असेल तर मात्र ढग वाढतच नाही. हे झाकण फुटणार की टिकणार, हे तापमान आणि आर्द्रतेतल्या थोड्याशा फरकावर ठरतं. हा फरक टिपायला फुग्याला बांधून रेडिओसॉन्ड नावाचं उपकरण वर सोडतात. ते तापमान, आर्द्रता आणि दाब रेडिओनं खाली कळवतं, आणि फुगा कुठे वाहत गेला त्यावरून वारा कळतो. उंचीनुसार वारा खूप बदलत असेल तर वादळ जास्त टिकतं. असाच ढग फिरू लागला तर त्याखाली टॉर्नेडो तयार होऊ शकतो. आपल्या शिवारातली वावटळ वेगळी, ती निरभ्र उन्हात जमिनीवरून उठते.

थुंबा ते पवनऊर्जा

वातावरणातली वीज हाही मणी यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी देशभर सौर किरणोत्सर्ग मोजणारी केंद्रं उभारली. पुढे ओझोन मोजणारं भारतीय उपकरण तयार केलं. विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून थुंबाच्या रॉकेट केंद्रावर हवामान वेधशाळा उभी केली. १९७६ मध्ये त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या, तरी काम थांबलं नाही. भारतातल्या सूर्यप्रकाशाची आणि वाऱ्याची आकडेवारी त्यांनी ग्रंथरूपात आणली. सौर आणि पवनऊर्जेच्या नियोजनाला ती उपयोगी पडली.

१६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी लग्न केलं नाही आणि नावापुढे डॉक्टर ही उपाधीही लागली नाही.

आज पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना मोबाईलवर देतं. मोबाईल जवळ नसेल तर एक साधा नियम पुरतो. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.