हसूरचंपूचे घाटगे आणि त्यांचं ‘कृषक’

परवा दिरांच्या कपाशीवर ड्रोनने फवारणी झाली. आम्ही साऱ्याजणी बांधावर उभ्या राहून बघत होतो. धावायला जागाच लागली नाही की हो याला, म्हणून जाऊबाईंना नवल वाटलं. त्यांच्या मुलीला विमानाच्या इंजिनिअरिंगला जायचंय आणि घरात सगळ्यांचं नको-नको चाललंय. म्हटलं, आता हिला डॉ. विष्णू माधव घाटगे सांगावेतच.

१९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू या खेड्यात जन्मलेला हा माणूस. तिथून थेट जर्मनीत, गटिंगेनला, प्रांटल या हवेच्या शास्त्रातल्या दादा माणसाच्या हाताखाली शिकला. १९३६ साली डॉक्टरेट घेतली. पुढे बंगळूरला वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या कारखान्यात विमानं आखू लागला. त्यांचं ‘एचटी-२’ ५ ऑगस्ट १९५१ ला उडालं. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले.

मला मात्र त्यांचं धाकटं विमान आवडतं. १९५८ साली दोन माणसांचं ‘पुष्पक’ उडालं. सांगाड्यावर कापड ताणलेलं, छत्रीला असतं ना, तसं! वजन कमी आणि पंख मोठे, की थोड्या वेगातही विमान उचललं जातं, मग लांबलचक धावपट्टी लागत नाही. पुष्पकलाच मोठं करून ‘कृषक’ केलं. पंख डोक्यावर, म्हणजे खालचं शिवार मोकळं दिसतं. १९५९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, पण कुणाला फारसं नकोच होतं. काम थांबलं. केवढं वाईट वाटलं असेल! मग लष्कराला टेहळणीसाठी छोट्या जागेतून उडणारं विमान हवं झालं आणि तेच कृषक बाहेर काढलं गेलं. नाव शेतकऱ्याचं, नोकरी लष्करात! सत्तरच्या दशकात त्याची जागा चीता हेलिकॉप्टरने घेतली.

घाटगे नुसते कारखान्यात रमले नाहीत. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तिथे शिकवायला तेच होते. १९६५ साली पद्मश्री मिळाली. १९९१ साली ते गेले.

जाऊबाई गप्पच होत्या. रात्री भाकऱ्या थापता थापता विचारू लागल्या, रोटेगावहून बंगळूरला थेट गाडी आहे का. म्हटलं, सकाळी चौकशी करून सांगते.