घोड्यावरून येणारी परिचारिका

तपासणी, निदान, ठरावीक औषधोपचार आणि बाळंतपण ही कामे स्वतःच्या जबाबदारीवर करणारी उच्चप्रशिक्षित परिचारिका आज अमेरिकेत सर्वत्र दिसते. शंभर वर्षांपूर्वी तेथील डॉक्टरांना ही कल्पना मानवणारी नव्हती. ती प्रत्यक्षात उतरवणाऱ्यांत मेरी ब्रेकिन्रिज यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हे काम उभे राहिले ते न्यूयॉर्कच्या एखाद्या रुग्णालयात नव्हे, तर रस्तेही नसलेल्या केंटकीच्या डोंगराळ भागात.

मेरी यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८८१ रोजी टेनेसीतील मेम्फिस येथे झाला. घराणे बडे होते. आजोबा जॉन ब्रेकिन्रिज अमेरिकेचे उपाध्यक्ष होते, तर वडील काँग्रेसचे सदस्य आणि पुढे रशियातील राजदूत. अशा घरातील मुलीने नोकरी करणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. पहिल्या पतीचे १९०६ मध्ये, लग्नानंतर दोनच वर्षांनी निधन झाले, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले. १९१२ मध्ये दुसरा विवाह झाला आणि शिक्षण बाजूला पडले. १९१६ मध्ये अपुऱ्या दिवसांची मुलगी जन्मली ती काही तासच जगली. १९१८ च्या जानेवारीत चार वर्षांचा मुलगा ब्रेकी गेला. हा संसारही पुढे मोडला. १९२० मध्ये घटस्फोट घेऊन त्यांनी माहेरचे नाव पुन्हा धारण केले. उरलेले आयुष्य त्यांनी इतरांच्या मुलांसाठी वेचले.

महायुद्धानंतर उद्ध्वस्त फ्रान्समध्ये मदतकार्य करताना त्यांना ब्रिटिश परिचारिका भेटल्या. या परिचारिका प्रशिक्षित सुइणीही होत्या. एकाच व्यक्तीच्या ठायी दोन्ही विद्या असण्याचा लाभ मेरी यांच्या ध्यानी आला. परिचारिकांना असे शिक्षण देणारी सोय अमेरिकेत त्या वेळी जवळजवळ नव्हती. म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या लंडनला जाऊन सुईणपणाचे रीतसर शिक्षण घेऊन आल्या. स्कॉटलंडच्या दुर्गम भागातील आरोग्यसेवाही त्यांनी पाहून घेतली. तत्पूर्वी १९२३ च्या उन्हाळ्यात घोड्यावरून केंटकीचे डोंगर पालथे घालून त्यांनी तेथील गावठी सुइणींच्या भेटी घेतल्या होत्या.

१९२५ मध्ये लेस्ली काउंटीत काम सुरू झाले. प्रारंभीचा खर्च बराचसा मेरी यांनी आपल्या वारशातूनच भागवला. १९२८ मध्ये हायडन येथे छोटे रुग्णालय झाले आणि संस्थेला फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस हे नाव मिळाले. सुमारे ७०० चौरस मैलांत उपकेंद्रे अशा बेताने उभारली, की घोड्यावरून साधारण पाच मैलांच्या परिघात परिचारिका पोहोचावी. खोगिराच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत बाळंतपणाचे सर्व साहित्य असे. पुराने फुगलेले ओढे ओलांडून, ऐन हिवाळ्यात रात्री-अपरात्री ही मंडळी लाकडी झोपड्यांपर्यंत जात. देवी, घटसर्प, विषमज्वर यांच्या लसीही त्याच टोचत. बाळंतपणाची फी पाच डॉलर होती. ज्यांच्याकडे रोकड नसे ते वैरण देत किंवा अंगमेहनत करून ती फेडत.

डॉक्टर काही तासांच्या अंतरावर, तेव्हा परिचारिकेने कोठवर जावे? लेक्सिंग्टनच्या डॉक्टरांच्या सल्लागार समितीने त्यासाठी लेखी नियमावलीच घालून दिली. कोणती औषधे द्यायची, कोणत्या लक्षणांवर काय करायचे, डॉक्टरांना केव्हा बोलावलेच पाहिजे, हे सारे त्यात नमूद होते. परिचारिकेच्या वाढीव अधिकारांना कागदोपत्री आधार देणारी ही व्यवस्था मेरी यांच्या घोडेस्वारीच्या कथांइतकी चमकदार नाही. परंतु महत्त्वाची बहुधा तीच.

परिणाम आकड्यांत दिसले. एका मोठ्या विमा कंपनीने नोंदी तपासल्या. पहिल्या तीन दशकांत येथील मातामृत्यूंचे प्रमाण दहा हजार बाळंतपणांमागे सुमारे ९ होते, तर देशाचे ३४. यातील बहुतेक बाळंतपणे घरीच झालेली होती.

१९३१ मध्ये घोड्यावरून पडून मेरी यांच्या पाठीचा मणका मोडला. त्यानंतरही प्रवास आणि देणग्यांसाठीची व्याख्याने त्यांनी थांबवली नाहीत. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतू लागल्या. तेव्हा संस्थेने स्वतःची शाळाच काढली.

त्यांच्या चरित्राची एक काळी बाजूही आहे. कृष्णवर्णीय परिचारिकांना त्यांनी संस्थेत स्थान दिले नाही. देणगीदारांपुढे डोंगरी लोकांच्या शुद्ध अँग्लो-सॅक्सन वंशाचा गौरव करून त्या पैसा उभारत. मातांच्या मृत्यूने व्याकूळ होणाऱ्या या स्त्रीला वर्णभेदाची भिंत खटकली नाही. गौरवग्रंथांनी ही बाब दीर्घकाळ झाकून ठेवली. अलीकडच्या चरित्रकारांनी आणि संस्थेनेही ती मान्य केली आहे.

१६ मे १९६५ रोजी हायडनजवळच्या वेंडोव्हर येथे, स्वतः उभारलेल्या ओंडक्यांच्या घरी त्यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९७० मध्ये, त्यांच्या शाळेत कौटुंबिक आरोग्यसेवेसाठी नर्स प्रॅक्टिशनर घडवणारा अभ्यासक्रम सुरू झाला. त्या शाळेचे आता विद्यापीठ झाले आहे.